चिठ्ठीवरचं औषध : उलटलेल्या ब्लड कॅन्सरवर नवी अँटिबॉडी तपासतात कशी

गुरुजींनी पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढून काउंटरवर ठेवला. पिशवी खडेबाजारातल्या साडीच्या दुकानाची, कागद चोवीस पानांचे, प्रत्येक पानाच्या तळाला सहीची रेघ. काही ओळींखाली निळ्या पेनानं रेघा मारलेल्या, त्याही पट्टी धरून. सवय जात नाही.

"हे जरा वाचून सांग की," म्हणाले. "मला कळलंय तेवढं कळलंय. पण चिठ्ठ्या टाकणार म्हणालेत. माझं औषध काय चिठ्ठीवर ठरणार?"

बेळगावजवळच्या खानापुरात माझं मेडिकल आहे. गुरुजी मला चौथीला होते. त्यांना मल्टिपल मायलोमा आहे, रक्ताच्या कॅन्सरचा एक प्रकार. पहिल्या खेपेला बोर्टेझोमिब, लेनालिडोमाइड आणि डेक्सामेथासोन या तिघांनी मिळून तो खाली बसवला. दोन वर्षांनी उलटला. औषधं बदलली, पुन्हा बसला, पुन्हा उलटला. आता बेंगळूरुच्या एका मोठ्या रुग्णालयात त्यांना ट्रायलमध्ये येता का म्हणून विचारलं होतं. एका बाजूला बाजारात न आलेली नवी अँटिबॉडी, दुसऱ्या बाजूला सध्याचे मान्य उपचार, आणि कुणाला काय ते कॉम्प्युटर ठरवणार. नव्या औषधाला अजून धड नावही नव्हतं, नुसती अक्षरं आणि आकडे.

त्या दुपारी मी त्यांना जे सांगितलं त्यातलं अर्धं बरोबर होतं. उरलेलं नंतर वाचून दुरुस्त केलं. ते सगळं इथं लिहितोय, कारण असे कागद घेऊन माझ्याकडे आलेले गुरुजी काही पहिले नाहीत.

आधी 'उलटणं' म्हणजे काय ते बघू. रक्ताच्या कॅन्सरमध्ये बहुतेक वेळा कापून काढता येईल अशी एक जागा नसते. आजार हाडांच्या मगजात, रक्तात, कधी लसिकाग्रंथीत पसरलेला असतो. औषधानं नव्व्याण्णव पेशी मरतात, रिपोर्ट स्वच्छ येतो, घरात पेढे वाटले जातात. पण ज्या एखाददुसऱ्या पेशीला त्या औषधाचं काही वाटलं नाही, ती मागं राहते. शेतातला लव्हाळा ज्यानं उपटलाय त्याला हे वेगळं सांगायला नको. वरची पात हातात येते, खालची गाठ तशीच राहते, आणि पुढच्या पावसाला उगवतं ते त्या गाठीतून. म्हणून उलटलेला आजार जुन्या औषधाला पहिल्याइतकी दाद देत नाही. दर खेपेला नवं हत्यार लागतं, आणि नवं हत्यार आधी तपासावं लागतं.

अँटिबॉडी हे त्यातलं एक हत्यार. ती आपल्या रक्तात असतेच. गोवर एकदा होऊन गेला की सहसा पुन्हा होत नाही, त्यात तिचाच मोठा वाटा. आकार बेचकीसारखा: खाली दांडा, वर दोन फाटे. फाट्यांच्या टोकाला एक विशिष्ट खूण धरायची क्षमता असते, आणि प्रत्येक अँटिबॉडी फक्त आपलीच खूण धरते. ही बेचकी बनवणारा कारखाना म्हणजे प्लाझ्मा पेशी. मायलोमा हा नेमका याच प्लाझ्मा पेशींचा कॅन्सर आहे. कारखाना बिघडतो आणि एकाच छापाची निकामी अँटिबॉडी ढिगानं बाहेर टाकत राहतो. रिपोर्टावर तिला 'एम प्रोटीन' म्हणतात, आणि इलेक्ट्रोफोरेसिसच्या, म्हणजे रक्तातली प्रथिनं वेगवेगळी करून दाखवणाऱ्या तपासणीच्या, आलेखावर ती सुळक्यासारखी दिसते. गुरुजींना हे चटकन कळलं. "म्हणजे वर्गात एकच पोरगं सगळ्यांच्या वरताण ओरडतंय, आणि तेपण बरळतंय."

आता गंमत बघा. अँटिबॉडीचं औषध करायची वाट याच मायलोमाच्या पेशीनं दाखवली. १९७५ साली केंब्रिजमध्ये जॉर्जेस कोलर आणि सेझार मिलस्टाइन यांनी उंदराची अँटिबॉडी बनवणारी पेशी आणि मायलोमाची पेशी एकमेकींत मिसळली. पहिलीला हवी ती अँटिबॉडी बनवता येत होती, पण ती लवकर मरायची. दुसरी मरतच नव्हती. दोघींच्या संकरातून न मरणारा कारखाना मिळाला, एकाच छापाची अँटिबॉडी हवी तेवढी देणारा. १९८४ चं नोबेल त्यांना त्यासाठी मिळालं. ज्या हट्टी पेशीनं गुरुजींच्या मणक्यांचा भुगा केला, तिच्याच जातीची पेशी प्रयोगशाळेत कामाला लावलेली आहे, हे मला अजून पुरतं पचलेलं नाही.

कॅन्सरसाठी अमेरिकेत मान्यता मिळालेली पहिली अशी अँटिबॉडी म्हणजे १९९७ ची रिटुक्सिमॅब. ती लिम्फोमाच्या, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कॅन्सरच्या, पेशीवरची सीडी२० ही खूण धरते. २००७ मध्ये डॉ. रेड्डीजनं तिची भारतीय आवृत्ती आणली. सीडी२०, सीडी३८, सीडी१९ हे आकडे बघून घाबरायचं नाही. शेताला सर्व्हे नंबर असतो तसे पेशीच्या अंगावरच्या खुणांना दिलेले ते नंबर आहेत. औषधाच्या नावाच्या शेवटी 'मॅब' दिसलं की ती अँटिबॉडी, एवढं ओळखलं तरी बिल वाचता येतं. २०२१ नंतर नाव मिळालेल्या औषधांना मात्र 'मॅब'ऐवजी 'मिग', 'टग' असली शेपटं आहेत, तेव्हा ही युक्ती फार वर्षं पुरायची नाही.

अँटिबॉडी कॅन्सरच्या पेशीला धरते, पण मारते कशी? साधी अँटिबॉडी पेशीला चिकटते आणि दांड्याकडून शरीराच्या बाकीच्या फौजेला बोलावते. दुसऱ्या तऱ्हेत तिच्या पाठीला विषाची पुडी बांधतात. पेशी तिला गिळते आणि पुडी आत फुटते. तिसरी तऱ्हा सध्या सगळ्यात चर्चेत आहे, आणि गुरुजींच्या कागदात तीच होती: दोन्ही हातांनी दोन वेगवेगळ्या पेशी धरणारी.

हिला बायस्पेसिफिक म्हणतात. समजायला येळ्ळूरच्या मैदानात चला. कुस्तीची जोड लावणारा जाणता माणूस काय करतो? स्वतः लढत नाही. एका हातानं या पैलवानाचं मनगट धरतो, दुसऱ्या हातानं त्याचं, दोघांना समोरासमोर आणतो, आणि मग हलगी घुमते. बायस्पेसिफिकचा एक हात कॅन्सरच्या पेशीवरची खूण धरतो. मायलोमात ती बहुधा बीसीएमए. दुसरा हात आपल्याच टी पेशीवरची सीडी३ ही खूण धरतो. टी पेशी हा आपल्या अंगातला पैलवान. कॅन्सर शेजारून गेला तरी तो ओळखत नव्हता. मनगट धरून समोर उभा केल्यावर तो भिडतो.

धोकाही तिथंच असतो. जोड रंगात आली, हलगी चढली की कधी कधी सगळं मैदानच आत घुसतं. एकदम हजारो टी पेशी जाग्या झाल्या की त्या रसायनांचा लोंढा सोडतात. ताप, थंडी, रक्तदाब खाली, श्वास जड. याला सायटोकाइन रिलीज सिंड्रोम म्हणतात, आणि टोसिलिझुमॅब या आणखी एका अँटिबॉडीनं तो आवरता येतो. पहिल्या दिवशी पूर्ण डोस न देण्याचं कारण हेच. टेक्लिस्टामॅब या मायलोमावरच्या बायस्पेसिफिकची चढण अशी आहे: पहिला डोस किलोमागे ०.०६ मिलिग्रॅम, मग ०.३, मग १.५. साठ किलोच्या माणसाला आधी साडेतीन मिलिग्रॅमच्या आसपास, मग अठरा, मग नव्वद. दर पायरीनंतर ४८ तास रुग्णालयात देखरेखीखाली राहायचं.

त्या देखरेखीत एक छोटी परीक्षा असते, आणि ती मला भारी आवडते. औषधाचा परिणाम मेंदूवर होतोय का हे बघायला दहा गुणांची तोंडी-लेखी. साल कोणतं, महिना कोणता, गाव कोणतं, रुग्णालय कोणतं. समोरच्या तीन वस्तूंची नावं सांगा. सांगितलेली एखादी साधी कृती करून दाखवा. शंभरापासून दहा-दहानं उलटं मोजा. आणि एक वाक्य लिहा. अक्षर बिघडायला लागलं तर माणूस बरळायच्या आधी ते डॉक्टरांना दिसतं. हे सांगितल्यावर गुरुजींचा चेहराच उजळला. चाळीस वर्षं दुसऱ्यांची अक्षरं सुधारली, आता स्वतःच्या अक्षराला गुण मिळणार. दुसऱ्याच दिवशी त्यांनी दुरेघी वही विकत घेतली. "वाक्य मराठीत लिहिलं तर चालेल न्हवं?" चालतं. तुम्हाला येते त्या भाषेतच लिहायचं असतं. वाचायला शेजारी मराठी जाणणारं कुणी लागेल, एवढंच.

अशी औषधं माणसाला देण्याआधी काचेच्या भांड्यात आणि जनावरांत तपासतात. पण जनावरं नेहमी खरं सांगतातच असं नाही. १३ मार्च २००६ ला लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयाच्या आवारात टीजीएन१४१२ ही अँटिबॉडी पहिल्यांदा माणसांना दिली. सहा तरुण, धडधाकट, पैसे घेऊन आलेले स्वयंसेवक. माकडांना जेवढी मात्रा सुरक्षित ठरली होती तिचा पाचशेवा हिस्सा दिलेला. तरीही काही तासांत सहाही जण अतिदक्षता विभागात होते, अवयव बंद पडायला लागले होते. सगळे वाचले, पण काहींना कायमचं भोगावं लागलं. औषध ज्या खुणेला चिकटत होतं ती माणसाच्या एका जातीच्या टी पेशींवर असते, आणि माकडाच्या त्याच जातीच्या पेशींवर नसते, हे नंतर कळलं. सहाही जणांना थोड्या-थोड्या मिनिटांच्या अंतरानं डोस दिला होता, म्हणजे पहिल्याला काय होतंय ते दिसायच्या आत बाकीच्यांच्या शिरेत औषध गेलेलं. त्यानंतर रीत बदलली. अशा औषधाचा पहिला डोस आधी एकालाच देतात आणि थांबतात.

ट्रायलचे टप्पे यातूनच समजतात. पहिल्या टप्प्यात विचारलेला प्रश्न असतो: किती मात्रा सोसते? ठरलेल्या मात्रेवर तिघांना देतात. कुणाला गंभीर त्रास नाही, तर पुढचे तिघे वरच्या पायरीवर. एकाला झाला तर त्याच पायरीवर आणखी तिघे. दोघांना झाला तर थांबायचं, खाली उतरायचं. जुनी आणि सरळ पद्धत आहे, आता तिच्या हुशार सुधारणाही आल्यात. पेशंटला फायदा होऊ शकतो, होतोही, पण या टप्प्याचा प्रश्न तो नाही. कुणी पहिल्या टप्प्याच्या ट्रायलला 'नवीन ट्रीटमेंट' म्हणून गोड करून सांगत असेल, तर मला ते पटत नाही.

दुसऱ्या टप्प्याचा प्रश्न: आजार हलतो का? टेक्लिस्टामॅबच्या पहिल्या-दुसऱ्या टप्प्याच्या अभ्यासाचे आकडे २०२२ मध्ये आले. १६५ पेशंट, सगळे किमान तीन प्रकारचे उपचार करून थकलेले. त्यातल्या ६३ टक्के लोकांत आजार मागं हटला. अशा थकलेल्या पेशंटमध्ये हा आकडा मोठा आहे, आणि त्याच वर्षी अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली. पण त्याच अभ्यासातले दोन आकडे व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या 'चमत्कारी इंजेक्शन'च्या मेसेजमध्ये सापडत नाहीत. ७६ टक्के लोकांना कसला ना कसला जंतुसंसर्ग झाला, निम्म्याच्या थोडं खाली लोकांना गंभीर. आणि प्रतिसाद टिकला तो मध्यम हिशेबानं दीड वर्षाच्या आसपास. आजार हटला म्हणजे गेला असं नव्हे.

तिसरा टप्पा म्हणजे चिठ्ठ्या. गुरुजींचा खरा प्रश्न हाच होता, आणि मलाही तो लगेच नीट सांगता आला नाही. मी म्हणालो, "नवं औषध चांगलं आहे का ते बघायला." ते म्हणाले, "चांगलं वाटतंय तर मग सगळ्यांना द्या की. चिठ्ठी कशाला?"

याचं उत्तर एका जुन्या औषधात आहे. जेम्टुझुमॅब ओझोगामायसिन: सीडी३३ धरणारी अँटिबॉडी, पाठीला विषाची पुडी. २००० साली अमेरिकेत उलटलेल्या एएमएल या रक्ताच्या कॅन्सरमध्ये, साठीच्या पुढच्या पेशंटसाठी, तिला घाईची मान्यता मिळाली. घाईची म्हणजे अट घालून: तुलना न करता मिळालेले आकडे बरे दिसतात, तर आत्ता वापरा, पण नंतर चिठ्ठ्या टाकून सिद्ध करा. सिद्ध करायला गेले तेव्हा उलटंच निघालं. नेहमीच्या केमोबरोबर हे औषध दिलेल्या गटाला फायदा नाही, आणि उपचाराच्या सुरुवातीलाच दगावणारे मात्र जास्त. २०१० मध्ये कंपनीनं ते अमेरिकेच्या बाजारातून काढून घेतलं. दहा वर्षं चांगल्या मनाच्या डॉक्टरांनी ते चांगल्याच मनानं दिलं होतं.

गोष्ट तिथं संपली असती तरी पुरे होती, पण संपली नाही. फ्रान्समधल्या डॉक्टरांनी तेच औषध एकदम मोठ्या मात्रेत न देता एकतृतीयांश मात्रेत, तीन हप्त्यांत विभागून दिलं, आणि पुन्हा चिठ्ठ्या टाकून तुलना केली. आजार उलटायला जास्त दिवस लागले. २०१७ मध्ये औषध परत आलं. औषध तेच, खूण तीच, पुडी तीच, फक्त मात्रा आणि वेळ बदलली. मायलोमातही बेलान्टामॅब या औषधाचं असंच झालं: आधी मान्यता, मग तुलनेत नापास होऊन माघार, मग दुसऱ्या औषधांच्या जोडीनं पुनरागमन.

आणि कुणाला कुठलं औषध ते डॉक्टरनं का ठरवू नये? कारण डॉक्टर माणूस आहे. तब्येतीनं बऱ्या, चालत्याफिरत्या पेशंटला नकळत नवं औषध देईल, मग नवं औषध भारी दिसेल. इथं गुरुजींनी मला अडवलं. "कळलं. स्कॉलरशिपला हुशार पोरंच बसवायची आणि शाळेचा निकाल शंभर टक्के म्हणून फलक लावायचा." यापेक्षा चांगलं मला सांगता येणार नाही.

चिठ्ठीतलं दुसरं पारडं म्हणजे साखरेची गोळी असं बहुतेकांना वाटतं. उलटलेल्या ब्लड कॅन्सरमध्ये नुसती साखरेची गोळी देऊन पेशंटला वाऱ्यावर सोडत नाहीत. तुलना सध्याच्या चांगल्या उपचाराशी असते. ब्लिनाटुमोमॅब या बायस्पेसिफिकची एएलएल या आणखी एका रक्ताच्या कॅन्सरमधली तुलना बघा. २०१७ मध्ये निकाल छापून आला. ४०५ पेशंट, नव्याला दोन चिठ्ठ्या तर केमोला एक. केमोच्या गटात निम्मे लोक चार महिन्यांत गेले, नव्या गटात ७.७ महिन्यांत. साडेतीन-चार महिन्यांसाठी एवढा खटाटोप, असं कुणी म्हणेल. पण हा मधला आकडा आहे. काही लोक त्या मिळालेल्या वेळेत बोन मॅरो ट्रान्सप्लांटपर्यंत पोचतात, आणि त्यांचा हिशेब महिन्यांत राहत नाही.

आता कागदाकडे. भारतात हे सगळं 'नवीन औषधे व क्लिनिकल चाचणी नियम, २०१९' खाली चालतं. ट्रायलला केंद्राच्या औषध नियंत्रकांची परवानगी लागते, आणि रुग्णालयाच्या नीतिसमितीची वेगळी. या समितीत किमान सात जण असतात. नुसते डॉक्टर चालत नाहीत. कायदा जाणणारा लागतो, बाई लागते, वैद्यकाशी संबंध नसलेला साधा माणूस लागतो, अध्यक्ष बाहेरचा लागतो. त्या समितीचा फोन नंबर संमतीपत्रावर छापलेला असतो. गुरुजींनी ज्या ओळींखाली रेघा मारल्या होत्या त्यात हा नंबर नव्हता. मी मारायला लावली. शिवाय जून २००९ पासून प्रत्येक ट्रायलची आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यक संशोधन संस्थेच्या सीटीआरआय या नोंदवहीत नोंद सक्तीची आहे. कागदावर तो नंबर असेल तर मोबाइलवर शोधा; ट्रायल कुठं-कुठं चालू आहे, किती पेशंट घेणार, तुलना कशाशी, सगळं फुकट दिसतं. नंबर नसेल, तर आधी नंबर मागा, सही नंतर.

ट्रायलमुळे काही इजा झाली तर उपचाराचा खर्च पेशंटचा नाही, आणि नुकसानभरपाईची तरतूद आहे. नवं औषध फुकट असतं. जाण्यायेण्याचं भाडं, तिथं राहायचा खर्च, सोबतच्या माणसाची बुडालेली रोजी यातलं काय मिळतं ते ट्रायलगणिक बदलतं, म्हणून तोंडी आश्वासनावर जायचं नाही, कागदात बघायचं.

भाषेचं बोलायलाच हवं. आपल्या भागात कागद कुठल्या भाषेत यावा हा प्रश्न जन्माबरोबरच येतो, पण इथं वाद नाहीच: माहितीपत्रक पेशंटला समजेल त्या भाषेत असलं पाहिजे असं नियमच सांगतो. गुरुजींना आधी कन्नडमधलं दिलं होतं. त्यांना कन्नड बोलता येतं, बाजारहाट करण्यापुरतं वाचताही येतं. पण 'यकृताच्या रक्तवाहिन्यांमध्ये अडथळा' हे बाजारहाटातलं कन्नड नव्हे. त्यांनी मराठी मागितलं, आठवड्यात मिळालं, कुणी तोंड वाकडं केलं नाही. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी ट्रायलशी संबंध नसलेला साक्षीदार लागतो, आणि परिस्थितीनं अडलेल्या पेशंटच्या बाबतीत काही ट्रायलमध्ये संमतीचं चित्रीकरणही करावं लागतं. कागद घरी न्यायचा, चार दिवस ठेवायचा, मुलाला फोनवर वाचून दाखवायचा, हे सगळं चालतं. लगेच सही करा म्हणणाऱ्याला घाई असते. आजाराला सहसा दोन दिवसांची नसते.

माझी चूक इथं झाली. मी छातीठोकपणे म्हणालो, "गुरुजी, कधीही बाहेर पडता येतं, कारण सांगावं लागत नाही." हक्क म्हणून हे खरं आहे. पण अर्धंच. साध्या अँटिबॉडीचं अंगातलं प्रमाण निम्म्यावर यायलाच साधारण तीन आठवडे लागू शकतात. तुम्ही बाहेर पडलात तरी औषध पडत नाही. म्हणून बाहेर पडल्यावरही काही काळ तपासण्या चुकवायच्या नसतात. उलट ब्लिनाटुमोमॅब हा अँटिबॉडीचा नुसता तुकडा. तो दोनेक तासांत निम्मा होतो, त्यासाठी पंप लावून अठ्ठावीस दिवस रात्रंदिवस थेंब-थेंब द्यावा लागतो. दोन औषधांना 'अँटिबॉडी' हे एकच नाव, पण पेशंटचा महिना किती वेगळा जातो बघा.

महिन्यावरून अंतराचा विषय. जानेवारी २०२५ मध्ये बेळगावात केएलईचं नवं कॅन्सर रुग्णालय सुरू झालं, नेहमीची केमो आता जवळ मिळते. पण अशा ट्रायल बहुतेक बेंगळूरु, मुंबई, पुण्याच्या मोठ्या केंद्रांत. राणी चन्नम्मा एक्सप्रेसमध्ये रात्री बसायचं, सकाळी उतरून रक्त द्यायचं, रात्री परत. ते जमतं. अवघड असतो तो ताप. बायस्पेसिफिकवर असलेल्या पेशंटला १००.४ च्या वर ताप आला तर पॅरासिटामॉल घेऊन सकाळची वाट बघायची नसते. कणकुंबीच्या बाजूला जुलैत रात्री रस्ता कुठं असतो, मोबाइलला रेंज कुठं असते, हे बेंगळूरुच्या डॉक्टरांना सांगितल्याशिवाय कळणार नाही. आधी सांगा. ट्रायलमधून मिळालेलं कार्ड खिशात ठेवा आणि गावच्या डॉक्टरांना पहिल्याच दिवशी दाखवून ठेवा. आणि काढे, चूर्णं, कुणीतरी दिलेल्या पुड्या, सगळं सांगा. लोक हे माझ्यापासूनही लपवतात, आणि बिल मात्र माझ्याच दुकानाचं असतं.

गुरुजींनी सही केली. तपासण्या झाल्या: किडनी, हिमोग्लोबिन, प्लेटलेट्स, कावीळ बी. आधीचं औषध काही आठवडे बंद ठेवलं. मग एका मंगळवारी कॉम्प्युटरनं चिठ्ठी काढली, आणि गुरुजी दुसऱ्या पारड्यात गेले. मान्य उपचारांच्या.

संध्याकाळी दुकानात आले ते पडलेल्या चेहऱ्यानं. "नापास झालो रे." मी कागद बघितला. त्यांच्या पारड्यातलं मुख्य औषध होतं डॅराटुमुमॅब. तीही अँटिबॉडीच, मायलोमावरची सीडी३८ खूण धरणारी. २०१५ मध्ये ती पहिल्यांदा मान्य झाली, तेव्हा ट्रायलच्या कागदांवर 'नवं औषध' म्हणून तिचंच नाव असायचं. २०१६ मध्ये छापलेल्या एका तुलनेत ४९८ उलटलेल्या पेशंटनी तिच्यासाठी अशाच चिठ्ठ्या उचलल्या. वर्षानंतर आजार न वाढता राहिलेले लोक तिच्या गटात ६०.७ टक्के, जुन्या औषधांच्या गटात २६.९ टक्के. म्हणून आज ती 'मान्य' पारड्यात बसलीय. हे सांगितल्यावर गुरुजी थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "त्या चारशे अठ्ठ्याण्णवांत आपल्यासारखंबी कोण तरी नाराज झालंच असणार."

डॅराटुमुमॅबचं एक दुकानदारी ज्ञान सांगून ठेवतो. सीडी३८ थोडी तांबड्या पेशींवरही असते. त्यामुळे हे औषध चालू असताना, आणि शेवटच्या डोसनंतरही सहा महिन्यांपर्यंत, रक्तपेढीतली जुळणीची तपासणी फसू शकते. रक्तगट बदलत नाही, पण रक्त जुळत नाहीसं दिसतं, आणि रात्री अपरात्री रक्त लागलं तर तासन्तास जातात. म्हणून पहिल्या डोसच्या आधीच पूर्ण रक्तगट तपासून त्याचं कार्ड करून घ्यायचं आणि रक्तपेढीला औषधाचं नाव सांगायचं. आणखी एक: ही स्वतः अँटिबॉडी असल्यामुळे एम प्रोटीनच्या आलेखावर तिचीच बारीक रेघ उमटू शकते. ती बघून आजार उरलाय म्हणून रडारड करू नका, डॉक्टरांना विचारा.

गुरुजी आता दर महिन्याला अॅसायक्लोव्हिर न्यायला येतात, नागीण उठू नये म्हणून. रक्तगटाचं कार्ड शर्टाच्या वरच्या खिशात, पेनाच्या मागं. वाक्यं लिहायला घेतलेली दुरेघी वही तशीच कोरी राहिली होती, तिच्यात ते आता एम प्रोटीनचे आकडे लिहितात, तारखेसकट, समास सोडून. मागच्या खेपेला १.९ होता, त्याच्या आधी २.६. ट्रायलचा निकाल लागायला अजून अवकाश आहे. सोमवारी रात्रीच्या गाडीचं तिकीट काढलंय.